पुनर्रचना झालेलं गृहकर्ज डोक्यावर असताना घर विकायचं असेल तर

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही सिंहगड रस्त्यावरचा आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकला. तेव्हा त्याच्यावर ३१ लाख २० हजारांचं कर्ज होतं, आणि तेही साधं नाही, पुनर्रचना झालेलं. ह्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. २०२० मध्ये काम थांबलं, २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आम्ही दोन वर्षांची हप्तेसवलत घेतली. हप्ते थांबले, पण व्याज मुद्दलात चढत गेलं. सवलत घेताना २६ लाख ६० हजार असलेलं कर्ज २०२३ मध्ये साडेएकतीस लाखांवर पोचलं होतं. वर्षभर नवे हप्ते ओढले आणि मग ठरवलं की घर विकायचं.

त्या सहा महिन्यांत आम्हाला जे कुणी आधी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं एवढंच: ग्राहक शोधण्याआधी बँकेकडे जा, आणि जे बोलाल ते कागदावर आणा. आम्ही उलट्या क्रमानं गेलो आणि त्यात एक चांगला ग्राहक जवळजवळ हातचा गेला.

आपल्याकडे सामान्य माणसाला कोर्टामार्फत कर्जफेडीची योजना लावून मिळण्याची सोय प्रत्यक्षात नाही. दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला आहे. त्यामुळे आपली ‘व्यवस्था’ म्हणजे बँकेनं करून दिलेली पुनर्रचना, एकरकमी तडजोड (काही रक्कम माफ करून बाकीची एकदम भरून घेणं), नाहीतर लोकअदालतीत किंवा कर्जवसुली न्यायाधिकरणात झालेली तडजोड. यातलं तुमचं कुठलं, ते आधी नक्की करा.

## १. आपलं खातं कुठे उभं आहे ते बघा

बँकेकडून खात्याची स्थिती लेखी मागा. चार शक्यता असतात.

पुनर्रचना झाली आहे आणि हप्ते वेळेवर जात आहेत: ही सगळ्यात बरी जागा. बँकेच्या परवानगीनं, बाजारभावानं विकता येतं.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला आहे: खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए झालं. फाईल शाखेतून वसुली विभागाकडे जाते. शाखेतल्या ओळखीच्या साहेबांच्या हातात मग फारसं काही राहत नाही.

सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस आली आहे: ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरा, असं ती सांगते. लोक ती घाबरून कपाटात ठेवतात. तसं करू नका. तुम्ही लेखी हरकत घेतलीत, तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि याच कायद्याच्या कलम १३(१३) प्रमाणे ही नोटीस हातात पडल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्यानं देता येत नाही.

ताबा नोटीस लागली आहे: दारावर कागद चिकटवला, दोन वर्तमानपत्रांत छापून आलं, तरीही दार बंद झालेलं नसतं. बँकेच्या या कारवाईविरुद्ध न्यायाधिकरणात ४५ दिवसांत दाद मागता येते. मात्र लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध झाली की पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क संपतो. २०१६ च्या दुरुस्तीनं हे झालं, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून ताबा नोटीस लागली असेल, तर तुमच्या हातातले दिवस मोजून आहेत. थेट वकिलाकडे जा.

सहकारी बँकेचं कर्ज असेल तरी सरफेसी लागू होतो. पतसंस्थेचं असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला निघाला आहे का, ते उपनिबंधक कार्यालयात विचारा. आमच्या छापखान्याचं एक कर्ज पतसंस्थेचं होतं आणि त्याला माझे दीर जामीनदार होते. त्यांना न सांगता घर विकून मोकळं होणं मला शक्यच नव्हतं. आम्ही त्यांना पहिल्या दिवशी बसवून सगळा हिशोब दाखवला.

## २. कागद गोळा करा

एका फाईलमध्ये, याच क्रमानं लावा:

- पुनर्रचनेचं मंजुरीपत्र (त्यातल्या अटी वाचा, मालमत्ता विकण्याबद्दलची ओळ पेन्सिलनं खुणेची करा)
- कर्जाचा आजवरचा पूर्ण खातेउतारा
- कर्ज आजच्या तारखेला बंद करायला किती लागतील, त्याचं पत्र. बँकेत याला फोरक्लोजर लेटर म्हणतात
- बँकेकडे ठेवलेल्या मूळ कागदपत्रांची, बँकेच्या शिक्क्यासह यादी
- तुमच्या करारनाम्याची आणि सूची क्रमांक २ ची (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा, इंडेक्स टू) प्रत
- सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), थकबाकी नसल्याचं पत्र
- मिळकत कराची आणि वीजबिलाची शेवटची पावती
- सगळ्या मालकांचे आणि सहकर्जदारांचे पॅन, आधार
- मालकांपैकी कुणी वारलं असेल तर मृत्यूदाखला आणि वारसांचे कागद. हे काम महिनोन्‌महिने खातं, आजच सुरू करा

यातली मूळ कागदांची यादी सगळ्यात जास्त सांभाळा. आम्ही २०१३ मध्ये कर्ज घेतलं तेव्हा एका कारकून बाईंनी मला त्या यादीवर शिक्का मारून झेरॉक्स दिली होती. अकरा वर्षं ती देवघराच्या खणात होती. शेवटी तिनंच आम्हाला वाचवलं. ते पुढे येईलच.

फोरक्लोजर लेटरला मुदत असते. आमचं पंधरा दिवसांचं होतं आणि ग्राहकाच्या बँकेचा डिमांड ड्राफ्ट त्यानंतर २६ दिवसांनी आला. आमच्या कर्जावर रोजचं व्याज सुमारे ७७० रुपये, म्हणजे ऐनवेळी २० हजार रुपये वरचे भरावे लागले. त्या दिवशी ते आमच्याजवळ नव्हते, बहिणीकडून घेतले. तेव्हा त्या पत्रातच ‘यापुढे रोज इतके रुपये’ असं लिहून घ्या. आणि फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या, वैयक्तिक गृहकर्जावर वेळेआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही. पत्रात तसा आकडा दिसला तर लगेच विचारा.

## ३. हातात काय उरेल त्याचा खरा हिशोब मांडा

हा हिशोब दोघांनी मिळून करा. आमचा असा होता:

विक्री किंमत ६८,००,०००
बँकेचं कर्ज ३१,२०,०००
सोसायटीची थकबाकी ४६,०००
मिळकत कर २८,०००
दलाली, १ टक्का ६८,०००
ग्राहकानं कापलेला कर, १ टक्का ६८,०००
पतसंस्थेचं कर्ज ६,४०,०००
उरले २८,३०,०००

कापलेल्या करामध्ये बरेच जण फसतात. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर ग्राहकाला १ टक्का कर कापून सरकारकडे भरावाच लागतो. तो तुम्हाला विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो, पण व्यवहाराच्या दिवशी ते पैसे तुमच्याकडे नसतात. किंमत आणि कर्ज जवळजवळ सारखं असेल, तर हे ६०-७० हजार कुठून येणार ते आधीच ठरवून ठेवा.

दुसरी मोठी चूक भांडवली नफ्याची. ‘सगळे पैसे बँकेनंच नेले, मग कर कसला?’ असं आमच्या ओळखीत दोघांनी धरलं होतं. नफा मोजताना कर्जफेड वजा होत नाही. नफा म्हणजे विक्री किंमत उणे खरेदी किंमत, पैसे कुणाच्याही खात्यात जावोत. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घराला दीर्घ मुदतीचा दर लागतो. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल, तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी कर मोजून कमी येईल तो भरता येतो: महागाई निर्देशांक न धरता १२.५ टक्के, किंवा धरून २० टक्के. आम्ही २०१३ च्या ऑक्टोबरात ४२ लाखांना घेतलं होतं. निर्देशांक २२० वरून ३६३ झाला, त्यामुळे धरलेली खरेदी किंमत ६९ लाख ३० हजारांवर गेली आणि कर शून्य आला. दुसऱ्या पद्धतीनं सव्वातीन लाख झाला असता. हा हिशोब सीएकडून करून घ्या, त्यांची फी चटकन वसूल होते.

## ४. बँकेला लेखी अर्ज द्या

तोंडी काहीही ग्राह्य धरू नका. अर्ज एक पानाचा पुरे. ‘अमुक कर्ज खात्यातील गहाण सदनिका विकून कर्ज पूर्ण फेडण्याची आमची इच्छा आहे. विक्रीस परवानगी, ग्राहकाच्या बँकेला देण्यासाठी मूळ कागदांची यादी आणि कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र मिळावं.’ पोच घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का घ्या.

आमच्या अर्जाला उत्तर यायला सात आठवडे लागले. शाखेनं विभागीय कार्यालयाकडे पाठवला, तिथून तो वसुली विभागाकडे गेला, आणि पुनर्रचना झालेलं खातं म्हणून पुन्हा शाखेकडे आला. दर सोमवारी सकाळी साडेदहाला मी शाखेत जाऊन बसत असे. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही. मी तसं करणार असल्याचं अर्जाच्या स्मरणपत्रात नम्रपणे लिहिलं, त्यानंतर कागद हलला.

घराची किंमत कर्जाहून कमी येत असेल, तर वाट वेगळी. मग एकरकमी तडजोडीचा अर्ज करावा लागतो. सोबत ग्राहकाचं किंमत सांगणारं पत्र आणि तुमच्या उत्पन्नाचे कागद जोडा. तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे बँक नाही म्हणू शकते. हो म्हणाली, तर मंजुरीपत्रातली शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. ती चुकली की तडजोड रद्द होऊ शकते आणि माफ झालेली रक्कम पुन्हा उभी राहते.

## ५. ग्राहकाला पहिल्याच भेटीत खरं सांगा

इथे खूप लोक घाबरतात. ‘कर्ज आहे म्हटलं की भाव पाडतील’, असं दलालही सांगतात. भाव थोडा पाडतातही. पण गहाण लपवून घेतलेला इसार हा फसवणुकीचा गुन्हा ठरू शकतो, आणि लपत तर काहीच नाही. करारनाम्याची सूची आणि गहाणाची नोंद ऑनलाइन सापडते, सेरसाईच्या, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदणीत कुणालाही थोडी फी भरून शोध घेता येतो.

आमच्याकडे आलेल्या कुटुंबातल्या आजी स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यावर तळवा टेकवून उंची बघत उभ्या राहिल्या. मी तिथेच त्यांना सांगितलं, ‘काकू, यावर एकतीस लाखांचं कर्ज आहे, त्याची पुनर्रचना झालेली आहे, बँकेचे कागद असे आहेत.’ त्यांनी मुलाला हाक मारली आणि म्हणाल्या, ‘हे बघून घे नीट.’ भाव कमी करा असं त्या बोलल्या नाहीत. पुढे सगळं लांबलं तेव्हा त्यांनीच मुलाला थांबवून धरलं.

ग्राहक तीन तऱ्हेचे असतात. स्वतःचे पैसे असलेला. तुमच्याच बँकेतून कर्ज घेणारा. आणि दुसऱ्या बँकेतून घेणारा. मधला सगळ्यात सोपा, कारण कागद बँकेबाहेर जातच नाहीत. तिसऱ्यात दोन बँका एकमेकींकडे बघत बसतात: एक म्हणते आधी कागद, दुसरी म्हणते आधी पैसे. तिथे तुमच्या बँकेचं ‘एवढी रक्कम आल्यावर एवढे कागद तुमच्या स्वाधीन करू’ असं पत्र लागतं. त्यासाठी दोन्ही शाखांतल्या माणसांचे फोन एकमेकांना देऊन टाका आणि स्वतः मध्ये उभे राहा.

## ६. इसारपावतीत तारखा नीट घाला

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मे महिन्यात एक लाखाचा इसार घेतला आणि ‘आजपासून ४५ दिवसांत करारनामा’ असं लिहून सही केली. बँकेची परवानगी तेव्हा हातात नव्हती. ४५ दिवस जूनअखेर संपले, ग्राहकाच्या वकिलानं इसार दुप्पट परत मागितला. पावतीत तशी ओळ होती आणि आम्ही ती वाचली नव्हती. त्या आजी नसत्या, तर आमचं काय झालं असतं, मला ठाऊक नाही.

तुमच्या पावतीत या गोष्टी हव्यातच:

मुदत बँकेचं परवानगीपत्र मिळाल्याच्या तारखेपासून मोजावी. परवानगी नाकारली गेली तर इसार आहे तेवढा परत, बिनव्याजी, बिनदंड. कर्जाची रक्कम ग्राहक थेट कर्ज खात्यात भरेल. ताबा शेवटचा रुपया मिळाल्यावर.

आणि इसार रोख घेऊ नका. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम घर विकताना रोखीत घेतली, तर तेवढाच दंड होऊ शकतो. चेक किंवा आरटीजीएस, बस.

कुलमुखत्यारपत्रावर, नोटरी करून, बँकेला न कळवता ‘सध्या व्यवहार करून टाकू’ म्हणणारा भेटेलच. त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. तसंच, ‘तुमचं कर्ज आम्ही बँकेशी बोलून निम्मं करून देतो’ म्हणत आगाऊ फी मागणारे असतात. बँकेशी तुम्ही स्वतः बोलू शकता.

## ७. करारनामा आणि पैशांचा दिवस

नोंदणीकृत करारनाम्यात कर्जाची रक्कम, खाते क्रमांक आणि परवानगीपत्राचा दिनांक लिहिलेला असावा. दुय्यम निबंधक कार्यालयात सगळे मालक हजर हवेत. मुद्रांक शुल्क ग्राहक भरतो, त्यात तुमचा जीव अडकवू नका.

चेक किंवा ड्राफ्टवर नुसतं बँकेचं नाव नको. बँकेचं नाव, पुढे तुमचा कर्ज खाते क्रमांक आणि तुमचं नाव असं लिहून घ्या. नुसत्या बँकेच्या नावाचा ड्राफ्ट दुसऱ्याच खात्यात जमा होऊन आठवडाभर सापडत नाही, असं आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत घडलं आहे.

राहायची सोय याच सुमारास करून ठेवा. भाड्याच्या घराची अनामत रक्कम, सामान हलवण्याचा खर्च बाजूला काढा. आम्ही ताब्यासाठी एक महिना मागून घेतला होता आणि तो करारनाम्यात लिहिलेला होता. मुलीची सहामाही परीक्षा त्या महिन्यात जुन्याच घरातून झाली, याचं मला फार समाधान आहे.

## ८. कर्ज बंद झालं, आता बोजा उतरवा

पैसे भरले म्हणजे काम झालं नाही. हे सगळं हातात घ्या: कर्ज संपल्याचा बेबाकी दाखला, शून्य शिल्लक दाखवणारा खातेउतारा, गहाण सोडल्याचा दस्त, सेरसाईतली नोंद काढल्याचा पुरावा, सोसायटीला बोजा उतरवण्याचं बँकेचं पत्र, आणि हप्त्याचा ऑटो-डेबिट रद्द केल्याची पोच. ते रद्द न केल्यामुळे पुढच्या महिन्यात हप्ता कापला गेल्याची उदाहरणं आहेत.

मूळ कागदांबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे: पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यावर ३० दिवसांत कागद परत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवला असेल तर बँकेनं स्वखर्चानं प्रमाणित प्रती मिळवून द्यायच्या, त्यासाठी आणखी ३० दिवस.

आमच्या वेळी साहेबांनी खाकी कापडात बांधलेली फाईल सोडली आणि एकेक कागद मोजत टेबलावर ठेवला. सातव्या क्रमांकाची मूळ नोंदणी पावती त्यात नव्हती. ‘तुम्ही दिलीच नसेल’, असं ते म्हणाले. मी देवघरातल्या खणातली ती यादी पुढे केली. सातवी ओळ, शेजारी शिक्का, तारीख ऑक्टोबर २०१३. त्यांनी यादी दोनदा वाचली, झेरॉक्स काढायला पाठवली, आणि तीन आठवड्यांत बँकेच्या खर्चानं प्रमाणित प्रत ग्राहकाच्या बँकेला पोचली.

सोसायटीच्या बाबतीत एक सांगते. हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे, २००१ च्या सरकारी परिपत्रकानुसार. ‘विकासनिधी’ म्हणून त्यावर लाखभर मागितले तर पावती आणि ठराव मागा.

## ९. दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढा

पूर्ण फेड केली असेल तर कर्जापुढे ‘क्लोज्ड’ दिसायला हवं. तडजोड केली असेल तर ‘सेटल्ड’ दिसेल, आणि ते पुढची काही वर्षं नव्या कर्जाच्या आड येतं. पूर्ण रक्कम भरूनही ‘सेटल्ड’ किंवा ‘रिस्ट्रक्चर्ड’ असंच राहिलं असेल, तर बेबाकी दाखला जोडून अहवाल देणाऱ्या कंपनीकडे आणि बँकेकडे एकाच दिवशी तक्रार टाका. सहकर्जदार आणि जामीनदार यांचेही अहवाल काढायला लावा. आमचा पहिल्या महिन्यात बरोबर झाला. दिरांच्या अहवालात पतसंस्थेचं कर्ज फेब्रुवारीपर्यंत चालूच दिसत होतं. त्यांनी दोन पत्रं लिहिली, मार्चमध्ये ते निघालं.